लिंडसेचा कान

अकराव्या मिनिटाला इंजिन पुन्हा अडखळलं.

सिंकपाशी उभी असलेली कॉरल हॉकिंग हातातला कप तसाच धरून थांबली. इतका वेळ शेडमधून येणारा आवाज एकसंध होता, शिलाई मशीन चालावं तसा. मग एक ठोका गळला. दोन नीट पडले, परत एक गळला. जिना उतरताना पायरी चुकावी आणि काळजात धस्स व्हावं, तसं तिला दर वेळी होत होतं. तिने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. दोन वाजता मेलबर्नचा माणूस गाडी न्यायला येणार होता.

त्याला बोलावलं होतं लिंडसेनेच, तिच्या नवऱ्याने. बुधवारी फोनवर तो शेवटी म्हणाला होता, "शनिवारी दोनला या. तोवर बरी झाली तर ठेवीन, नाही तर घेऊन जा." फोन ठेवून, बायकोकडे न बघता त्याने पुढचं वाक्य टेबलाला सांगितलं होतं. "स्वतःच्या गाडीचं दुखणं ज्याला कळत नाही, त्याने शेड उघडी ठेवू नये."

कॉरलला गाडीचं तेवढं वाटत नव्हतं. लोखंड ते, आज ना उद्या जायचंच. पण गाडीमागोमाग शेडला कुलूप लागणार आणि मग चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस सोमवारी सकाळी उठून जाणार कुठे, याची तिला काळजी होती. शेजारच्या गल्लीतला आर्थर असाच एकदा दुकान बंद करून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला होता. दीड वर्ष बसला. पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे.

लिंडसे पंधराव्या वर्षी शायरच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, वर्कशॉपमध्ये चिकटला, रस्ते सपाट करणारे ग्रेडर दुरुस्त करायला. बेचाळीस वर्षं तिथे काढली. पण विमेराच्या त्या गव्हाच्या पट्ट्यात त्याची ओळख ग्रेडरमुळे नव्हती, कानामुळे होती. शनिवारी सकाळी त्याच्या शेडपुढे गाड्या लागायच्या. तो बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटायचा, मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाशी लावायचा, डॉक्टर नळी लावतात तशी. एकदा चाळीस मैलांवरच्या एका बाईने फोनचा रिसीव्हर तारेसकट ओढून ट्रॅक्टरजवळ नेला. लिंडसेने इकडे ओटची लापशी खाता खाता ऐकलं आणि सांगितलं, "तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आज चालवू नकोस." तोच निघाला.

कॉरलला तो मिळाला तोही कानामुळेच. नाचाच्या रात्री हॉलबाहेर तिच्या वडिलांची नवीकोरी होल्डन गाडी सुरू होईना. फूटपाथवरून जाणारा एकोणीस वर्षांचा काटकुळा पोरगा न थांबताच म्हणाला, "पॉइंट चिकटलेत." वडील चिडले, मग बघितलं, मग त्या पोराला रविवारी जेवायला बोलावलं. पुढे मरताना त्यांनी दोन मुलगे असून गाडी जावयाला दिली. "तिचं बोलणं याला समजतं," एवढंच त्यांचं म्हणणं.

तीच ही गाडी, चौसष्ट सालची. आणि तिचंच बोलणं आता लिंडसेला समजेनासं झालं होतं.

फेब्रुवारीत त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे शेडमध्ये पाऊल टाकायचं नव्हतं. त्या दिवसांत कॉरलने त्याच्यासाठी एक काम काढलं. ईस्टरला गावच्या मैदानावर जुन्या गाड्या मांडतात, बॉनेट उघडी ठेवून, आणि लोक आरशासारख्या चकचकीत इंजिनांवर वाकून स्वतःचे चेहरे बघतात. लिंडसेला त्या प्रकाराची हौस नव्हती, पण दर वर्षी क्लाइव्ह पार्फिटच्या इंजिनासमोर तो जरा जास्त वेळ उभा राहतो हे तिने टिपलं होतं. तिने एकेक भाग काढला, मफिनच्या साच्यातल्या खळग्यांत स्क्रू क्रमाने ठेवले, फोटो काढले, घासलं, पुसलं, रंगवलं. वरचं झाकण लाल. सिलिंडरना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर चंदेरी, तोही बारीक ब्रशने, केकवर नक्षी काढावी तसा. लिंडसे काठी टेकत आला, इंजिनाभोवती दोनदा फिरला. मग तिचा हात घेऊन त्या लाल झाकणावर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून उभा राहिला.

दुसरं बक्षीस मिळालं. मैदान घरापासून चार मिनिटांवर. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबाबरोबर लांब निघाले, तेव्हा अकराव्या मिनिटाला गाडी पहिल्यांदा अडखळली.

"कंडेन्सर," लिंडसे तेव्हाच म्हणाला होता, स्टिअरिंगवरचा हात न काढता.

कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी पत्र्याची डबी. डिस्ट्रिब्युटरला बाहेरून एका स्क्रूने बसवलेली असते, आणि ठिणगीचा जोर राखणं हे तिचं काम. त्याने घरी येऊन नवी डबी बसवली. अकराव्या मिनिटाला गाडी अडखळली. आणखी एक आणली, दुसऱ्या दुकानातून. पुन्हा तेच. दोन नव्या डब्या एकदम वाईट निघतील कशा? तेव्हा लिंडसेने पहिल्यांदा स्वतःच्या कानाला हात लावला आणि हाताकडे बघितलं, कानातून काही गळतंय की काय अशा नजरेने.

त्यानंतर त्याने ऐकणं सोडलं आणि बदलणं सुरू केलं. प्लग, वायरी, कॉइल, पॉइंट, डिस्ट्रिब्युटरची टोपी. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. कॉरलने एकदा भीत भीत विचारलं होतं, "माझ्या रंगाने तर नाही ना झालं?"

"रंगाने इंजिन अडखळत असतं तर शोरूममधली एकही गाडी बाहेर पडली नसती," तो म्हणाला. तिला बरं वाटलं होतं.

कप ठेवून ती शेडमध्ये गेली. लिंडसे चालत्या इंजिनावर वाकून प्लगच्या वायरी एकेक करून उपसत होता. ज्या सिलिंडरची वायर काढल्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला, असा साधा हिशोब.

"सापडला?" तिने विचारलं.

"फिरतंय. आत्ता दुसरा होता, आता पाचवा. एका जागी बसतच नाही." त्याने वायर परत खोचली. "एकाचं दुखणं नाही हे. सहाजणांचं मिळून जे सामाईक आहे, तिथलंच आहे. आणि सामाईक म्हणावं असं सगळं मी बदललंय."

कुंपणाच्या मोडक्या फळीतून नेव्ह आत आला. शेती मुलाला देऊन गावात राहायला आलेला शेजारी, रोज या वेळेला चहाच्या वासावर येणारा. इंजिनाकडे बघून त्याने टोपी छातीशी धरली.

"लिंड, पाद्र्याला बोलवू का? शेवटचं पाणी शिंपडून जाईल."

लिंडसेने पुढची वायर उपसली.

"नाही तर ती डबीबिबी सगळी फेकून दे आणि इलेक्ट्रॉनिक बसव. माझ्या पुतण्याने बसवलंय. त्याची गाडी बायकोपेक्षा लवकर सुरू होते."

"बसवतात हल्ली," लिंडसे म्हणाला आणि बेंचवरचा जुना रोटर पुसू लागला.

नेव्हने टोपी डोक्यावर ठेवली. कॉरलच्या मागोमाग दारापर्यंत येऊन तो हळूच म्हणाला, "मी त्याच्या गाडीला मयत म्हटलं आणि त्याने मला शिवी दिली नाही. मला हे आवडलेलं नाही, कॉरल."

"मला तरी कुठे आवडलंय."

"तो मेलबर्नवाला येतोय खरंच?"

"दोनला."

"टायर पंक्चर करू का त्याचा?" असं विचारताना नेव्ह हसत नव्हता. चहा न घेताच तो गेला.

साडेदहाला लिंडसेने इंजिन थंड व्हायला ठेवलं. बाराला पुन्हा सुरू केलं. कॉरल स्टुलावर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. पाच मिनिटं. आठ. दारातून उन्हाचा झोत आत आला होता आणि दोन माश्या सतत त्याच्या मानेवर बसत होत्या, तो हाकलतही नव्हता. नऊ. दहा. ती मनातल्या मनात म्हणत होती, या वेळी नको. अकराव्या मिनिटाला पायरी चुकली.

लिंडसेने स्क्रूड्रायव्हर उचलला, डिस्ट्रिब्युटरवर टेकवला, मूठ कानाला लावली. बराच वेळ तसाच राहिला. मग लग्नाच्या अठ्ठेचाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. तो स्क्रूड्रायव्हर त्याने तिच्यापुढे धरला.

"तुला काय ऐकू येतंय बघ."

तिला तो हातात घ्यायची भीती वाटली. तरी घेतला, मूठ कानाशी नेली. आत एक आख्खा कारखाना चालला होता.

"अडखळतंय," ती म्हणाली.

"ते मलाही येतंय. त्याच्या जरा आधी काही येतं का? बारीक?"

तिने डोळे मिटले. होतं काहीतरी. तव्यावर मिठाचा खडा तडतडावा इतकं बारीक, प्रत्येक चुकलेल्या ठोक्याच्या पाठीशी. खोटं बोलावं का, असं तिच्या मनात एक क्षण आलं.

"चट् चट् असं काहीतरी आहे," ती म्हणाली.

लिंडसेने मान हलवली. "असायलाच हवं. मला येत नाही." मग चिंधीने बोटं पुसत, अगदी साध्या सुरात, "मग झालं तर."

तो घराकडे वळला. "बंद करू नकोस. तसंच चालू दे. त्या माणसापासून मला काही लपवायचं नाहीये. मी कागद काढून ठेवतो."

काठी सोडून आठवडे झाले होते, पण अंगणातून जाताना तो आज पुन्हा काठी असल्यासारखा चालत होता.

कॉरल उभी राहिली. रडायला वेळ नव्हता आणि तिचा तो स्वभावही नव्हता. परका माणूस येणार, तर वस्तू पुसून ठेवावी म्हणून तिने फडकं घेतलं. पण हात इंजिनाशी गेले आणि ते चट् चट् तिच्या डोक्यातून जाईना. लिंडसेला जे ऐकू येत नव्हतं ते तिला येत होतं, आणि ऐकून काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिने स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. टोक कुठे टेकवावं हे न कळून तिने ते डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी असलेल्या बोल्टवर ठेवलं. लिंडसेच्या पान्याने त्या बोल्टवरचा तिचा रंग उडाला होता आणि लोखंड उघडं पडलं होतं. नीट ऐकायला ती अजून वाकली, तेव्हा स्क्रूड्रायव्हरची दांडी कंडेन्सरच्या डबीला टेकली.

तडतड थांबली. इंजिनाने सूर धरला.

तिने श्वास रोखला. दांडी बाजूला केली. पायरी चुकली. परत टेकवली, सूर लागला. काढली, अडखळलं. पाच वेळा केलं तिने, कारण चार वेळा योगायोग असू शकतो असं तिला वाटलं. मग तिने वाकून नीट बघितलं. डबीची पट्टी जिथे स्क्रूने आवळली होती, तिथे पट्टीच्या खाली तिचा चंदेरी रंग होता. स्क्रूच्या भोकातही होता. तिने काहीही सोडलं नव्हतं.

वर्षानुवर्षं ग्रेडरच्या गप्पा ऐकून तिला एवढं माहीत होतं की, त्या डबीला उघडं लोखंड लागतं. अर्थिंग मिळालं नाही तर डबी असून नसल्यासारखी. थंड असताना तो स्क्रू कसाबसा कुठेतरी टेकत असणार. गरम झालं की तेवढाही आधार सुटायचा. लिंडसेने नवी डबी बसवली तीही त्याच रंगावर आणि तिसरीही त्याच रंगावर.

म्हणजे पहिल्या दिवशी तो बरोबर होता. नेमका बरोबर होता. आणि तीन आठवडे तो स्वतःला म्हातारा, बहिरा, निकामी म्हणत होता, ते तिच्या ब्रशामुळे.

पाऊण वाजला होता. गुपचूप खरवडून टाकता आलं असतं. गाडी आपोआप बरी झाली असं दिसलं असतं. पण इंजिन आपोआप बरं होत नसतं, हे या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. आपोआप बऱ्या झालेल्या गाडीवर लिंडसेने कधीच विश्वास टाकला नसता आणि स्वतःवर तर नाहीच.

"लिंडसे," तिने दारातून हाक मारली. "बाहेर ये. कागद ठेव आणि ये."

तो आला, चष्मा कपाळावर, हातात नोंदणीची वही.

"माझ्या रंगानेच झालंय," ती म्हणाली. एवढं एक वाक्य आधी बाहेर काढायचं तिने ठरवलं होतं. मग तिने दांडी टेकवून दाखवली, काढून दाखवली.

लिंडसेने वही बेंचवर ठेवली. स्क्रूड्रायव्हर तिच्याकडून घेतला आणि स्वतः केलं. टेकवलं, काढलं. टेकवलं आणि तसंच धरून राहिला. इंजिन शांतपणे चालत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काही कळेना, आणि ती वाट बघत उभी राहिली. लग्नानंतर इतकी घाबरून ती फक्त एकदा उभी राहिली होती, धाकट्या मुलाला ताप चढला होता तेव्हा.

"पट्टीच्या खाली पण दिलास," तो म्हणाला.

"दिला."

"भोकात?"

"भोकात पण. दोन हात."

"दोन?"

"एका हातात खालचं दिसतं, असं तूच म्हणतोस. खिडक्यांच्या वेळी म्हणाला होतास."

त्याच्या नाकातून एक फुसकारा निघाला. हसू होतं की दुसरं काही, तिला सांगता आलं नसतं.

"तू पहिल्याच दिवशी बोलला होतास," कॉरल म्हणाली. "गाडी चालवता चालवता. कंडेन्सर म्हणालास. मी शेजारी बसले होते, लिंडसे. तुझा कान चुकला नाही. माझं काम चुकलं."

त्याने चावीकडे हात नेला. इंजिन बंद केलं, स्क्रू काढला, डबी बाजूला केली. पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा फाडला आणि थांबला.

"तुझं काम खरवडावं लागेल."

"खरवड."

"नखाएवढंच."

"सगळं खरवडलंस तरी चालेल मला."

"सगळं कशाला," तो म्हणाला. "क्लाइव्हला जळवायला उरायला हवं."

सव्वाला ते निघाले. साखळीच्या फाटकाबाहेर, रेल्वेरुळांवरून, धान्याच्या उंच कोठारांकडे. दोन्ही बाजूंना कापून झालेल्या गव्हाचे खुंट आणि सरळ रस्ता. लिंडसेची नजर समोर होती. तो घड्याळाकडे बघत नव्हता, ते काम कॉरलचं होतं.

"किती?"

"सात."

कोठारं मागे पडली. तारेवरचे गलाह पक्षी एकदम उडाले.

"किती?"

"साडेदहा. बोलू नकोस."

अकरा झाली. साडेअकरा. तिला आपल्याच छातीतले ठोके इंजिनाचे वाटायला लागले आणि त्यातला एक गळला की ती दचकायची. बारा. चौदा. विसाव्या मिनिटाला एका फाट्यावर लिंडसेने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. गाडी त्यांच्याखाली एकसारखी चालत होती.

परत आले तेव्हा फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. डीन नावाचा, चाळिशीचा, महागडे बूट घातलेला माणूस होल्डन आत येताना मान तिरकी करून ऐकत होता.

"फोनवर तुम्ही म्हणालात इंजिन मिसिंग करतंय."

"होतं," लिंडसे उतरत म्हणाला.

"आता तर काही वाटत नाही. उलट छानच आहे. मग आकडा जरा वाढवून बोलूया का?"

"बुधवारी मी काय म्हणालो होतो तुम्हाला?"

डीनने एक उसासा टाकला. "बरी झाली तर ठेवीन."

"झाली."

"साडेतीन तास चालवत आलोय मी."

"त्याबद्दल माफी मागतो. मनापासून. मला स्वतःलाच खात्री नव्हती."

"आत या," कॉरल म्हणाली. "कॉर्न्ड बीफ आणि लोणच्याची सँडविचेस आहेत. उपाशीपोटी राग फार वेळ टिकतो."

डीन आला, चार खाल्ली, राग तरी थोडा शिल्लक ठेवूनच गेला. त्याचं बरोबर होतं. जाताना त्याने जुनी गाडी विकणाऱ्या दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्याचा पत्ता विचारला, तोही लिंडसेने दिला नाही.

भांडी तशीच टाकून कॉरल शेडमध्ये गेली. लिंडसे बॉनेट उघडून उभा होता, इंजिन चालू करून. ती दारात थांबली. तिला वाटलं होतं, आता तो पूर्वीसारखा डोळे मिटून ऐकत असेल. तो ऐकत होताही. पण त्याच्या कपाळावर आठी होती.

"मला कंडेन्सर कळला, हे खरं," तो म्हणाला, मागे न वळता. "तो ठोक्यावरून कळला. ठोका मला येतो. जाड आवाज सगळे येतात. बारीक येत नाहीत, कॉरल. ते चट् चट् आलं नाही मला. अजून नाही येत. दोन वर्षं झाली असतील."

"तीन," ती म्हणाली.

तो वळला. "तुला माहीत होतं?"

"ओव्हनचा गजर वाजतो तेव्हा तू सरळ त्याच्या पुढून निघून जातोस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

इंजिन चालत राहिलं. लिंडसेने पायाने स्टूल ओढलं, मडगार्डशेजारी नेमकं लावलं आणि वरची धूळ कोपराने पुसली.

"होर्शमच्या त्या कान तपासणाऱ्या बाईकडे मी जाईन," तो म्हणाला. "ती यंत्रं घालीन कानात. पण यंत्रातून इंजिन कसं ऐकू येतं कोण जाणे. तोवर जाड माझं. बारीक तुझं."

"मला त्यातलं काही कळत नाही, लिंडसे. आज चुकून टेकलं ते."

"ऐकू येतंय ना? कळायला वेळ लागतो. मी पंधराव्या वर्षापासून शिकतोय." त्याने स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि टोक कुठे ठेवायचं ते दाखवलं. "बस. काय येतं ते सांग. चांगलं-वाईट ठरवू नकोस, फक्त सांग."

ती बसली. मूठ कानाशी धरली.

"घरघर आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "डावीकडून."

"ती पाण्याच्या पंपाची. नेहमीची आहे. पुढे."